पन्नासची की अडीचची?

तराजू दुरुस्त करणाऱ्यांच्या त्या घरात सकाळी सगळ्यात आधी उठायचं ते सासूबाईंचं तोंड. बाकीच्या सासूबाई मागाहून सावकाश उठायच्या. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतल्या कोंबड्यानं आरवणंच सोडून दिलं होतं. म्हणाला, आता आपली गरज काय? खोटं वाटत असेल तर कोंबड्याला जाऊन विचारा. सासऱ्यांनी मात्र त्याच्याही आधी, योग्य वेळी डोळे मिटून स्वतःची सुटका करून घेतली होती.

खाली दुकान, वर घर. दुकानात भिंतभर टांगलेले काटे, खुळखुळणाऱ्या साखळ्या, एका कोपऱ्यात मोडक्या पारड्यांचा ढीग. स्टुलावर बसून धाकटी सून एका वजनाच्या बुडातल्या खाचेत शिसं ठोकत होती. वजनं वापरून झिजतात, झिजलं वजन गिऱ्हाइकाला गंडवतं, म्हणून शिसं भरून ते पुरं करायचं. हातोडीचे हलके चार ठोके, मग काट्यावर, परत एक ठोका. असं काम त्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. नवऱ्याला तर नव्हतंच नव्हतं. नवरा दुकानाच्या दारात खुर्ची टाकून सिगारेट ओढत बसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "आमचं काम म्हणजे बघायलाच नको." ते खरंच होतं. त्याचं काम कुणी बघितलंच नव्हतं.

त्याची आई त्याला वाघ म्हणायची. लहानपणी म्हणे तो एका कुत्र्यावर धावून गेला होता. कुत्रं बांधलेलं होतं, हे ती सांगायची नाही.

"अडीचके!" वरून हाक आली. "गोळी घेतलीस का?"

"घेतली, आई."

"आणि दुधाबरोबर घेतलीस का पाण्याबरोबर?"

"पाण्याबरोबर."

"बघ! आधीच गोळी अडीचची, त्यात पाणी!"

जुन्या शाळांत मुलं पाढ्यांबरोबर अडीचकी घोकायची. अडीच एके अडीच, अडीच दुणे पाच. या घरात अडीचकी म्हणजे धाकटी सून. लग्नात मिळालेलं नाव कधीच मागे पडलं, गोळीवरून पडलेलं नाव चिकटलं. झालं असं, की थोरल्या सुनेलाही मूल लवकर होत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तिला एक गोळी दिली. पाकिटावर आकडा पन्नास. थोरलीला दिवस गेले, मुलगी झाली, गुटगुटीत. तेव्हापासून थोरली अशी चालायची, जणू ती गोळी तिनंच घरी बसून वळली होती. पुढं धाकटीलाही तीच गोळी दिली. पण काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी ती बंद करून दुसरी दिली. पाकिटावर आकडा अडीच.

झालं! ज्या घरानं जन्मभर वजनं पुरी केली, त्या घराला एकच हिशोब कळत होता. पन्नास जड, अडीच हलकं. डॉक्टरीण आपल्याला मापात मारतेय.

आणि हा नुसता टोमण्यांचा खेळ नव्हता. सासूबाईंनी जेवताना, भाताचा घास गिळता गिळता सांगून टाकलं होतं, "या वर्षात काही झालं नाही, तर अडीचकीनं आपल्या आईकडं जावं. माझ्या वाघाला मी दुसरी बघते." वाघानं मान वर केली नव्हती. "मीठ दे जरा," एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून धाकटीच्या घशाखाली घास आणि गोळी सारख्याच कष्टानं उतरायची.

त्या दिवशी दवाखान्यात तिघं गेली. धाकटी तपासायला, सासूबाई भांडायला आणि वाघ गाडी चालवायला. डॉक्टरीणबाईंनी धाकटीला आडवं करून पोटावर यंत्र फिरवलं, पडद्याकडं बघितलं आणि हसल्या.

"छान. बीज चांगलं वाढलंय. गेल्या खेपेलाही वाढलं होतं, आणि सुटलंही होतं."

"ते राहू द्या," सासूबाई पदर खोचून पुढं झाल्या. "मला एक सांगा, डॉक्टरीणबाई. थोरलीला पन्नासची आणि हिला अडीचची, असं का? हिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"आई, त्या गोळ्याच वेगळ्या आहेत. आकडा बघून जोर ठरत नाही. आता बघा, किलोभर भोपळा आणि चिमूटभर तिखट. डोळ्यांत पाणी कशानं येईल?"

सासूबाईंनी विचार केला. "कांद्यानं."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. मग धाकटीकडं वळून म्हणाल्या, "तू ऐक. तुझी पाळी महिनोन्महिने येत नव्हती, कारण बीज पिकतच नव्हतं. पन्नासची गोळी पुष्कळ बायकांना लागू पडते, तुझ्या जावेला पडली. तुला दिली, वाढवून दिली, तरी बीज हललं नाही. शिवाय गर्भाशयाचं अस्तर पातळ पडायला लागलं. बी पडायचं कुठं, खडकावर? ही दुसरी गोळी तुझ्यासारख्या बायकांना बहुतेक वेळा जास्त गुण देते. तुला दिलाय. गोळीनं तिचं काम केलंय, तू तुझं केलंयस."

"मग पोर कुठाय?" सासूबाई.

"तेच विचारतेय मी कधीपासून. पोराला दोघं लागतात." डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या खणातून प्लास्टिकची एक छोटी डबी काढून वाघापुढं ठेवली. "तपासणी सोपी आहे. सुई नाही, कापाकापी नाही. ही डबी, ती खोली, आतून कडी. मागच्या खेपेलाही दिली होती. तिचं काय झालं?"

मागच्या डबीत वाघानं दुकानातले स्क्रू ठेवले होते.

"मला काय धाड भरलीय?" वाघ भिंतीकडं बघत म्हणाला. "आमच्या खानदानात असलं काही नाही."

"खानदानाला नाही दिली डबी. तुम्हाला दिलीय."

"अहो, त्याच्याकडं बघा तरी!" सासूबाई कडाडल्या. "छाती बघा त्याची! दोन पोती एकदम उचलतो!"

"आई, छातीत नसतं हो ते."

धाकटीला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घालून गिळलं. त्या घरात तिनं गिळलेल्या गोष्टी मोजल्या असत्या, तर गोळ्यांचा नंबर पार शेवटी लागला असता.

वाघ डबी न घेताच गाडीकडं निघून गेला. धाकटीनं ती हळूच उचलून पिशवीत टाकली.

घरी आल्यावर सासूबाईंची गणितं सुरू झाली. थोरलीच्या कपाटात जुन्या गोळ्यांचं अर्धं पाकीट पडलं होतं. ते त्यांनी काढून आणलं, चष्मा लावला, आकडा वाचला, आणि चेहऱ्यावर असा उजेड पडला की खोलीतला दिवा लाजून विझायचा राहिला.

"ही पन्नास. ती अडीच. दोन्ही एकदम घेतल्या तर किती झाले?"

"साडेबावन्न," थोरली म्हणाली. तिला हिशोब चांगला यायचा.

"साडेबावन्न! कुठल्या डॉक्टरला सुचलं नाही ते! मी तर म्हणते, पन्नासच्या दोन घे. साडे एकशेदोन!"

"आई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही," धाकटी म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंना काय जातंय? घर त्यांचं बुडतंय का माझं? वजनाचं मला शिकवू नकोस, काट्यांच्या घरात केस पांढरे झाले माझे."

"अगं, घे गं," थोरली गोड आवाजात म्हणाली. "मला नाही का झाली? माझ्या गोळीत दम आहे."

धाकटीनं नवऱ्याकडं बघितलं. तो पलंगावर उताणा पडून पायाच्या अंगठ्याशी खेळत होता.

"घे ना," तो म्हणाला. "आईचं मन कशाला मोडतेस?"

काय माणूस! बायकोचं शरीर मोडलं तर चालेल, आईचं मन मोडता कामा नये, आणि स्वतःची तर पायाच्या बोटाची झोपही मोडता कामा नये. अशा माणसाला वाघ म्हणणं हा जंगलातल्या वाघांचा अपमान होता; त्यांच्यात कुणी शिकलेलं असतं तर अब्रुनुकसानीचा दावाच लावला असता.

धाकटीनं गोळ्या घेतल्या. नाही म्हणून म्हणून तोंड दुखलं होतं. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, खोटं कशाला बोला, तिलाही वाटलं होतं: लागली लागू तर? आपली पाठवणी तरी टळेल.

दुसऱ्या दिवशी अंगातून वाफा निघायला लागल्या. पंख्याखाली बसून घाम. त्यानंतर डोळ्यांपुढं काजवे. काट्याची सुई स्थिर असायची आणि तिला थरथरताना दिसायची. थरथरायची तेव्हा दोन दिसायच्या. फळवाल्याचा काटा तिनं हलका लावून दिला. तो बिचारा सकाळपासून किलोला सव्वा किलो देत होता आणि गिऱ्हाईक का वाढलंय म्हणून खूश होता. दुपारी कळलं तेव्हा दुकानात येऊन थयथयाट केला.

"तिचे डोळे बिघडलेत," वाघ दारातून म्हणाला. "बायकांचं काम!"

तरी गोळ्या चालूच राहिल्या. पाकीट संपेपर्यंत सासूबाई स्वतः हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. मग काही दिवस गेले, आणि एका सकाळी शिसं ठोकता ठोकता धाकटीच्या ओटीपोटात अशी कळ आली की हातोडी गळून पडली आणि पाठोपाठ तीही. पोट टरारून फुगलं होतं. फळवाल्यानंच हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. वाघ चप्पल शोधत होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पोटावर यंत्र फिरवलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. अंडाशयावर लिंबाएवढ्या गाठी सुजून आल्या होत्या. "पीळ पडला असता तर कापून काढावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "काय घेतलंस?"

धाकटीनं सांगितलं. साडे एकशेदोनसुद्धा सांगितलं.

डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर बसलेल्या सासूबाईंना म्हणाल्या, "आई, हिच्या पोटात बीज नीट पिकत होतं. एका वेळी एक, जसं पिकायला हवं तसं. तुम्ही त्याची भट्टी केलीत."

"नाजूक आहे हो ती," सासूबाई म्हणाल्या. "थोरली खणखणीत होती."

धाकटी काही दिवस दवाखान्यात राहिली. पंख्याकडं बघत पडल्या पडल्या तिला एक गोष्ट आठवत राहिली. दुकानात कुणी तराजू घेऊन आलं आणि म्हणालं, 'तोल जातोय', की ती आधी दोन्ही पारडी रिकामी करून बघायची. याला तिच्या धंद्यात धडा करणं म्हणत. कुठलं पारडं वर, कुठलं खाली, हे पाहिल्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही. नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते हेच. आणि इथं तीन वर्षं सगळं घर एकाच पारड्यात वजनं टाकत होतं. पन्नास टाक. काढ, अडीच टाक. दोन्ही टाक. दुसऱ्या पारड्यावर वाघ बसलेला, आणि त्याच्याकडं बघायचीसुद्धा बंदी!

ती घरी आली तेव्हा सासूबाईंनी नवा शोध लावून ठेवला होता.

"बस, बस. दमली असशील," त्या म्हणाल्या. इतक्या गोड, की धाकटीला धडकीच भरली. दुकानात दोनतीन गिऱ्हाइकं होती, फळवाला होता, भाजीवाली आपला काटा घ्यायला आली होती. सासूबाईंना गर्दी बघून नेहमीच जोर यायचा. "मी एका ओळखीच्या बाईला विचारलंय. आता गोळ्या नाहीतच घ्यायच्या. इंजेक्शन असतं. किती आहे माहितीये? पंच्याहत्तर!"

"बाई गं!" भाजीवाली म्हणाली. तिला वाटलं भाव सांगतायत.

"पंच्याहत्तर! थोरलीच्यावर पंचवीस! दुसऱ्या डॉक्टरकडं उद्याच जायचं. आणि ऐक, ही शेवटची संधी. याच्यानं नाही झालं, तर तुझी पिशवी भरून ठेव."

वाघ दारात धूर सोडत होता.

धाकटी उठली. तिनं पिशवीतून ती प्लास्टिकची डबी काढली आणि गल्ल्यावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"आई, मी आता इंजेक्शन घेणार नाही. गोळीही घेणार नाही. अडीचची नाही, पन्नासची नाही, पंच्याहत्तरची नाही. आधी ही भरून जाऊ दे डॉक्टरीणबाईंकडं. मग त्या सांगतील ते घेईन, नेमकं तेच आणि तेवढंच."

सासूबाईंनी झडप घालून डबीवर पदर टाकला. "लाज आहे का गं! चारचौघांत!"

"तीन वर्षं माझी पाळी चारचौघांत मोजलीत, आई. फळवाल्यालासुद्धा तारीख माहितीये."

फळवाल्यानं घाईघाईनं एक साखळी निरखायला घेतली. माहीत होती त्याला.

"डबी कसली आहे गं?" भाजीवालीनं विचारलं. "चुना ठेवायची का?"

"नाही, मावशी. यांची तपासणी करायची आहे. मूल का होत नाही त्याची. माझी दहादा झाली, यांची एकदाही नाही. हे घाबरतात."

"कोण घाबरतंय?" वाघ खुर्चीवरून उडाला.

"मग जा की," भाजीवाली म्हणाली. "माझ्या जावयानं केली. लगेच झाली. परत येताना भाजी घेऊन आला."

"आणि पिशवीचं म्हणाल," धाकटी सासूबाईंना म्हणाली, "तर भरते. पण माझी हातोडीही भरते तिच्यात. रस्त्यापलीकडं गाळा रिकामा आहे. हे सगळे तिकडं येतील. कारण काटा कोण लावतं ते यांना माहितीये."

गिऱ्हाइकांनी सासूबाईंकडं बघितलं, मग वाघाकडं, मग जमिनीकडं. सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं, आणि आश्चर्य असं, की त्यातून आवाज आला नाही. त्या दिवशी म्हणे कोंबडा पुन्हा आरवला, भर दुपारी.

आता बाजार म्हणजे बाजार. इतके दिवस जो तो धाकटीला विचारायचा, "काय, काही आहे का?" भाजी घेताना, पाणी भरताना, जिना चढताना. प्रश्न अंगवळणी पडला होता लोकांच्या. तोंड बदललं एवढंच. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं साबण लावता लावता वाघाला विचारलं, "काय, झाली का?" चहावाल्यानं विचारलं, "झाली का हो?" टपालवाल्यानं सायकलवरून न उतरता विचारलं. शाळेत जाणाऱ्या पोरांना काय झालं ते ठाऊक नव्हतं, पण तीही ओरडून जायची, "वाघोबा, झाली का?"

धाकटीनं तीन वर्षं जे रोज पचवलं, ते वाघाला आठवडाभरही झेपलं नाही. टोपी नाकापर्यंत ओढून, मागच्या गल्लीनं, दाट रंगाचा चष्मा लावून तो दवाखान्यात गेला. ढगाळ दिवस होता. चष्म्यामुळं तो आधी शेजारच्या दातांच्या दवाखान्यात शिरला आणि तोंड उघडून बसला, असं सांगतात. खरंखोटं दातवाल्याला ठाऊक.

निकालाला दोघं मिळून गेली. सासूबाईंना धाकटीनं घरीच ठेवलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या.

"संख्या फार कमी आहे. हालचालही मंद. घाबरायचं कारण नाही, औषध आहे. सिगारेट मात्र आजपासून बंद. काही महिन्यांनी पुन्हा तपासू. हिची गोळी, सूज पूर्ण उतरली की, तीच पुन्हा सुरू करू. तीच, कळलं? साडेबावन्न नाही." मग वाघाकडं बघून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "यात लाजेचं काही नाही हो. ताप येतो तसंच हे."

वाघानं मान हलवली. एवढा मोठा माणूस खुर्चीत मावेनासा असायचा. त्या दिवशी खुर्ची त्याला सैल पडली होती. धाकटीला त्याची कीव आली. तीन वर्षांच्या संसाराचं माणूस होतं शेवटी. वाटलं, हात धरावा, म्हणावं, चला, होईल सगळं. तिनं हात पुढं केलासुद्धा.

जिन्यात तो थांबला. इकडंतिकडं बघितलं. टोपी खाली ओढली.

"ऐक ना," तो म्हणाला. "घरी सांगू नकोस."

"काय?"

"हेच. आईला सांग, माझं ठणठणीत निघालं. बाजारात पण तसंच सांगू. मी औषध घेतो ना गुपचूप. कुणाला कळायचं कारण नाही."

"आणि मूल का होत नाही विचारलं, तर?"

"तेच, नेहमीचं." तो खाली बघत पुटपुटला. "तुझंच आहे म्हणून. थोडे महिने गं. तुला सवय आहे ऐकून घ्यायची. मला नाही सहन होत."

धाकटीनं पुढं केलेला हात मागं घेतला. जिन्याच्या कठड्यावर ठेवला. खालच्या पायरीवर जाऊन तिनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा नवऱ्याशी अगदी स्वस्थ आवाजात बोलली.

"सवय लागते हो," ती म्हणाली. "घरी गेल्या गेल्या आईंना सांगणार आहे मी, सगळं. तुम्हालाही लागेल."